प्राइस मॅच कसा मागायचा: अमेरिकेत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत आलो त्या पहिल्या तीन महिन्यांत आम्ही जेवढी खरेदी केली तेवढी पुढच्या दोन वर्षांत मिळूनही केली नसेल. गादी, व्हॅक्यूम क्लीनर, मायक्रोवेव्ह, राउटर, प्रिंटर, मुलीचं टेबल. सगळं लावलेल्या भावाने घेतलं. मंडईत मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारी मी इथल्या काउंटरवर मात्र चिडीचूप. एवढं मोठं लखलखीत दुकान, भाव सगळे संगणकात, इथे कोण घासाघीस करणार?

मग एकदा शेजारच्या काकू माझ्यासोबत दुकानात आल्या. आठवड्यापूर्वी घेतलेल्या व्हॅक्यूमचा भाव त्याच दुकानाच्या साइटवर तीस डॉलरने उतरलेला त्यांनी फोनवर पाहिला, काउंटरवरच्या मुलाला तो दाखवला आणि एक वाक्य बोलल्या. दोन मिनिटांत कार्डावर 31.99 डॉलर परत. वरचे 1.99 कसले म्हणून विचारलं, तर तो तीस डॉलरवरचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स होता. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, यात भाव करायचा नसतो. त्यांचाच नियम त्यांना दाखवायचा असतो."

त्यानंतर मी हे बऱ्याचदा केलं, काही वेळा तोंडावरही पडले. नव्याने आलेल्यांनी तसं पडू नये म्हणून हे लिहिते आहे.

1. आधी दोन शब्द वेगळे करा

प्राइस मॅच म्हणजे दुसऱ्या दुकानात तीच वस्तू स्वस्त आहे हे दाखवून या दुकानात तेवढ्याच भावाने घेणं. हे सहसा पैसे भरण्याआधी मागायचं असतं.

प्राइस ॲडजस्टमेंट म्हणजे तुम्ही वस्तू घेतल्यानंतर त्याच दुकानाने भाव उतरवला, तर फरक परत मागणं. याला दिवसांची मुदत असते.

दुकानातली माणसंसुद्धा दोन्हीला सरसकट प्राइस मॅच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. तुम्ही मात्र मनात वेगळं ठेवा. कारण "काल तुमच्याकडे घेतलं, आज समोरच्या दुकानात स्वस्त दिसलं" या तक्रारीला बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो, आणि "काल तुमच्याकडे घेतलं, आज तुमच्याकडेच स्वस्त दिसतंय" याला बऱ्याचदा होकार. माझ्या हिशेबात पहिल्या प्रकाराने वाचलेले पैसे थोडे आहेत, दुसऱ्याने वाचलेले बरेच जास्त. आणि नेमकं तेच लोक विसरतात, कारण वस्तू घरी आली की भाव कोण बघतो?

2. कुठे काय चालतं

नवीन माणसाला सल्ला देणारे बरेच भेटतात. मंदिरात, पॉटलकमध्ये, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी. अडचण एवढीच, की त्यातला निम्मा सल्ला शिळा असतो. ही पुढची माहितीही अशीच शिळी होऊ शकते, म्हणून निघण्याआधी दुकानाच्या साइटवर प्राइस मॅचचं पान उघडून एकदा वाचाच.

बेस्ट बाय: इलेक्ट्रॉनिक्ससाठी सगळ्यात उपयोगाचं. ॲमेझॉनचा भाव मॅच करतात, तसंच काही मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांचा आणि जवळपासच्या दुकानांचाही. पण तो विकत घेतानाच. घेतल्यानंतर फक्त त्यांनी स्वतः उतरवलेला भाव, आणि तोही परतीच्या मुदतीत. ही मुदत साधारण 15 दिवसांची असते. पैसे भरून सभासदत्व घेतलं असेल तर जास्त.

टार्गेट: "टार्गेटमध्ये ॲमेझॉनचा भाव दाखवायचा" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो 28 जुलै 2025 पर्यंत बरोबर होता. त्या दिवसापासून टार्गेटने ॲमेझॉन आणि वॉलमार्टचे भाव मॅच करणं बंद केलं. आता फक्त टार्गेटचाच भाव टार्गेटशी जुळवून मिळतो: दुकानातला आणि साइटवरचा, किंवा घेतल्यापासून 14 दिवसांत उतरलेला.

वॉलमार्ट: इतर दुकानांचे भाव मॅच करत नाहीत. दुकानात फळीवर जास्त भाव आणि त्यांच्याच साइटवर कमी असेल तर दाखवून मागता येतो, पण अखेरचा शब्द दुकानाच्या मॅनेजरचा. एखादे जुने काका वॉलमार्टच्या 'सेव्हिंग्ज कॅचर'ची गोष्ट सांगतील, की पावती स्कॅन केली की फरक आपोआप मिळायचा. मिळायचा खरा, पण ती सोय 2019 मध्येच बंद झाली.

कॉस्टको: दुसऱ्या कुणाचा भाव मॅच करत नाहीत. मात्र स्वतःचा भाव 30 दिवसांत उतरला तर फरक देतात. इथे एक खोच आहे. दुकानात घेतलेल्या वस्तूला साइटवरचा भाव लागत नाही, आणि उलटही नाही. दुकानातलं असेल तर मेंबरशिप डेस्कवर जायचं, ऑनलाइन घेतलं असेल तर साइटवर विनंतीचा फॉर्म भरायचा.

होम डेपो: पडदे लावायच्या ड्रिलपासून कपडे वाळवायच्या यंत्रापर्यंत कशालाही. भाव मॅच करतात, पण समोरच्याचा घरपोच खर्च धरून तुलना होते. समोर वीस डॉलर स्वस्त आणि शिपिंग पंचवीस, तर तो भाव स्वस्त धरत नाहीत.

ॲमेझॉन: कुणाचाही भाव मॅच करत नाही. ॲमेझॉनचा उपयोग दुसऱ्या दुकानात पुरावा म्हणून.

किराण्यासाठी अमेरिकेत या भानगडीत पडू नका, वेळ वाया जातो. कॅनडात तुमचे कुणी असतील तर गोष्ट निराळी. तिथे नो फ्रिल्ससारख्या दुकानांत किराणासुद्धा मॅच होतो. माझी मावसबहीण ऑन्टॅरिओत असते. फ्लिप नावाच्या ॲपवर सगळ्या दुकानांचे फ्लायर उघडून ती एकाच काउंटरवर चार दुकानांचे भाव लावून घेते. तिच्या मागे रांगेत उभं राहायची वेळ माझ्यावर आली आहे, तो वेगळा विषय.

3. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा

प्राइस मॅच हुकतो तो बहुतेक वेळा इथे. दुकानाची अट असते की वस्तू तंतोतंत तीच हवी: तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, तोच आकार आणि तोच रंगही. पांढरा मायक्रोवेव्ह स्वस्त आणि काळा महाग असेल, तर पांढऱ्याचा भाव काळ्याला लागत नाही.

टीव्हीच्या बाबतीत मी अशीच फसले. आकार तोच, कंपनी तीच, फोटो हुबेहूब. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला आणि मान हलवली. शेवटची दोन अक्षरं वेगळी होती. सेलच्या मोसमासाठी किंवा एखाद्या मोठ्या दुकानासाठी कंपन्या थोड्या वेगळ्या मॉडेलचे टीव्ही काढतात. एखादा पोर्ट कमी असतो, एखादा भाग निराळा. नंबर वेगळा, म्हणजे कागदावर वस्तूच वेगळी. मग मॅच कसा मागणार? गाद्यांचं तर याहून अवघड. तीच गादी प्रत्येक दुकानात वेगळ्या नावाने विकली जाते, म्हणून गादीवर मला आजवर एकदाही मॅच मिळालेला नाही.

म्हणून सवय लावून घ्या. साइटवर वस्तूच्या नावावर जाऊ नका. खाली तपशिलात मॉडेल नंबर दिलेला असतो, तो कॉपी करा आणि दुसऱ्या साइटवर तोच चिकटवून शोधा. दुकानात उभ्या असाल तर खोक्यावर बारकोडच्या आसपास नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो घ्या.

4. विकणारा कोण आहे ते पाहा

ॲमेझॉनवर किंवा वॉलमार्टच्या साइटवर दिसणारी प्रत्येक वस्तू ते स्वतः विकत नाहीत. कितीतरी वस्तू तिसराच कुणीतरी विकतो, साइट फक्त जागा देते. अशा विक्रेत्याचा भाव कुठेच मॅच होत नाही.

ॲमेझॉनवर खरेदीच्या बटणाजवळ बारीक अक्षरांत दोन ओळी असतात: माल कोण पाठवतो आणि कोण विकतो. कोण विकतो, या ओळीत ॲमेझॉनचंच नाव हवं. नुसता माल ॲमेझॉनच्या गोदामातून येतो म्हणून भागत नाही. माझा पहिलाच प्रयत्न याच ओळीवर आपटला होता. एका प्रिंटरसाठी अर्धा तास गाडी चालवून गेले, आणि काउंटरवरच्या मुलाने माझ्याच फोनवर बोट ठेवून ती ओळ दाखवली.

5. कशावर चालत नाही, ते आधीच वगळा

ओपन बॉक्स, म्हणजे कुणीतरी उघडून परत केलेला माल. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. क्लिअरन्स, म्हणजे उरलेला साठा संपवायला भाव उतरवलेला. साइटवर 'आउट ऑफ स्टॉक' लिहिलेली वस्तू. सभासदांनाच मिळणारा भाव. कूपन टाकून उतरलेला भाव. "एकावर एक" किंवा "यासोबत गिफ्ट कार्ड" असल्या जोडयोजना. चुकून छापलेला भाव. यादी दुकानागणिक थोडी बदलते, पण एवढं जवळजवळ सगळीकडे लागू.

आणि थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, त्यापुढचा ब्लॅक फ्रायडे, तिथून सायबर मंडेपर्यंतचे दिवस. बेस्ट बायच्या नियमांत हे दिवस सरळ वगळलेले आहेत. सगळ्यात मोठे सेल तेव्हाच असतात, त्यामुळे नवीन माणूस नेमका त्याच दिवशी फोन घेऊन काउंटरवर जातो. त्या दिवसांत जिथे स्वस्त तिथेच घ्या, मॅच करायला धावू नका.

दुकानं हे सगळं करतात तरी का, हा प्रश्न मला पडायचा. गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये, हे उघड उत्तर. अर्थशास्त्रात एक तिरकस उत्तरही आहे. स्टीव्हन सॅलॉप या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1986 मध्ये मांडलं की अशा हमीमुळे स्पर्धा उलट थंडावू शकते. मी भाव उतरवला की समोरचा लगेच तेवढाच करणार, मग मी उतरवू कशाला? म्हणजे पाटीवर गिऱ्हाइकाचं भलं लिहिलेलं असलं तरी ती पाटी समोरच्या दुकानदारालाही उद्देशून असते. फरक मिळतो फक्त मागणाऱ्याला, न मागणारा पूर्ण भाव देतो. हे कळल्यापासून मागताना मला संकोच वाटेनासा झाला.

6. सोबत काय न्यायचं

- चार्ज केलेला फोन. काउंटरवर भाव चालू साइटवर उघडून दाखवायचा असतो. नुसता स्क्रीनशॉट बरेच जण मान्य करत नाहीत, पण तोही काढून ठेवा, कारण दुकानात रेंज नसते तेव्हा तोच आधार.
- त्या पानाची लिंक, स्वतःला मेसेज करून ठेवलेली. काउंटरवर शोधाशोध करायला लागलं की मागची रांग चुळबुळते आणि आपण घाबरतो.
- मॉडेल नंबर लिहिलेला किंवा फोटोत.
- आधी घेतलेली वस्तू असेल तर पावती. दुकानाच्या ॲपमध्ये फोन नंबर देऊन खरेदी केली असेल तर पावती तिथेच सापडते. कागदी पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा, ती शाई उन्हात ठेवलेल्या गाडीत महिनाभरातच उडते.
- ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड. फरक सहसा त्याच कार्डावर परत येतो.
- दुकानाच्या नियमांचं पान, उघडून ठेवलेलं. आधीच पुढे करू नका. गरज पडली तरच.

भाव मूळचाच फुगवलेला आहे का, हे पाहायला कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल या दोन साइट आहेत. ॲमेझॉनवरच्या वस्तूचा भाव मागच्या काही महिन्यांत कसा चढला-उतरला, त्याचा आलेख तिथे दिसतो. भाव दर काही आठवड्यांनी खाली येत असेल तर आज मॅच मागण्यापेक्षा थांबलेलं बरं.

7. काउंटरवर

शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा. शनिवारी दुपारी कुणालाही तुमचा फोन बघायला वेळ नसतो. नेहमीच्या बिलिंग काउंटरवर न जाता सरळ 'कस्टमर सर्व्हिस'ची पाटी शोधा. वस्तू हातात घेऊन जा, म्हणजे खोक्यावरचा नंबर त्यांनाच वाचता येतो.

बोलायचं वाक्य एकच: "हाय, कुड यू प्राइस मॅच धिस प्लीज?" आणि फोन पुढे. आधी घेतलेली वस्तू असेल तर: "आय बॉट धिस लास्ट वीक, द प्राइस हॅज ड्रॉप्ड. कॅन आय गेट अ प्राइस ॲडजस्टमेंट?" एवढंच. आपल्याला उगाच पार्श्वभूमी सांगायची सवय असते, की आम्ही नवीन आहोत, खर्च फार झाला, तुमच्याकडे नेहमी येतो. समोरच्या मुलाला त्यातलं काहीच नको असतं. त्याला मॉडेल नंबर, विक्रेता आणि भाव हवा असतो.

"थोडं अजून कमी करा" मात्र म्हणू नका. नियमात फरक भरून देणं आहे, वर सूट देणं नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. तो मुलगा हसला, पण नंतर मॅनेजरला विचारून यायला त्याला बराच वेळ लागला.

तुलना टॅक्स सोडून होते. दोन्हीकडचा टॅक्सआधीचा भाव बघतात आणि उतरलेल्या भावावर टॅक्स लावतात. म्हणून वाचणारी रक्कम फरकापेक्षा किंचित जास्तच निघते. डेलावेअरसारख्या सेल्स टॅक्स नसलेल्या राज्यात राहत असाल तर हा वरचा तुकडा मिळणार नाही, पण तुम्ही तो भरलेलाही नसतो.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी दुकानाच्या साइटवरचं चॅट वापरा. नवीन माणसाला चॅट बरं पडतं, उच्चारांची धास्ती नाही. संभाषण संपल्यावर त्याची प्रत जपून ठेवा. "तीन-पाच दिवसांत पैसे येतील" असं सांगतात, आणि न आल्यास ती प्रतच कामी येते.

8. घरी आल्यावर

पैसे भरल्याबरोबर, गाडीत बसायच्या आधी, फोनच्या कॅलेंडरात एक आठवण टाका. टार्गेटसाठी तेराव्या दिवसाची, बेस्ट बायसाठी चौदाव्या, कॉस्टकोसाठी एकोणतिसाव्या. पन्नास डॉलरच्या वरच्या प्रत्येक वस्तूसाठी. त्या दिवशी साइट उघडायची, भाव बघायचा, तोच असेल तर आठवण पुसून टाकायची. या अर्ध्या मिनिटाच्या सवयीने मला प्राइस मॅचच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त पैसे परत मिळवून दिले आहेत. आठवण मुदतीच्या एक दिवस आधीची टाका. मुदतीच्या दिवशी टाकली की नेमकी त्याच दिवशी बर्फाची सुट्टी असते.

मधे भाव उतरलेला दिसला तर थांबून आणखी उतरण्याची वाट बघू नका. काही दुकानं एका वस्तूला एकदाच फरक देतात हे खरं, पण सेल संपला तर तेवढाही जातो.

क्रेडिट कार्डावरच्या 'प्राइस प्रोटेक्शन'बद्दलही कुणी सांगेल. पूर्वी भाव उतरल्यास बँकच फरक द्यायची. 2018-19 च्या सुमारास मोठ्या बँकांनी ही सोय बऱ्याच कार्डांवरून काढून टाकली. तुमच्या कार्डाच्या माहितीपत्रकात असेल तर वापरा, नसेल तर त्यासाठी नवीन कार्ड काढत बसू नका.

9. नाही म्हणाले तर

आधी शांतपणे कारण विचारा. मॉडेल किंवा विक्रेता जुळत नसेल तर ते बरोबर आहेत, आभार मानून निघा. नियमात बसत असूनही नाही म्हणत असतील तर आता ते उघडून ठेवलेलं पान दाखवा आणि मॅनेजरला विचारता येईल का, एवढंच विचारा. तरीही नाही, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाखेत किंवा चॅटवर. तोच नियम एक जण एक प्रकारे वाचतो, दुसरा वेगळा. माझी एक नकार मिळालेली पावती दोन मैलांवरच्या शाखेत विनाप्रश्न चालली आहे.

खरेदीनंतरचा फरक कुणीच देत नसेल आणि खोकं अजून उघडलेलं नसेल, तर ते परत करून उतरलेल्या भावाने पुन्हा घेता येतं. ॲमेझॉन फरक देत नाही, त्यामुळे तिथे हाच मार्ग उरतो. आधी नवी ऑर्डर द्या, ती आली की जुनी परत पाठवा, नाहीतर मधल्या मधे माल संपतो. परतीवर रीस्टॉकिंग फी (माल परत घेताना दुकान कापून घेतं ती रक्कम) किंवा शिपिंग लागतं का ते मात्र आधी वाचा, काही वस्तूंवर लागतं.

दहा डॉलरच्या खालच्या फरकासाठी मी गाडी काढत नाही, चॅटवर झालं तर झालं. काकू मात्र चार डॉलरसाठीही जातात. त्यांचं म्हणणं, कॉस्टकोत नाहीतरी दूध आणायला जायचंच असतं.